किती फुटाला? सांगलीत घर घेण्याआधीच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

काम सुरू. बँकेने कर्जाचा आकडा तोंडी सांगितला आहे, उरलेल्यात पुण्याचे भाऊजी थोडी भर घालणार आहेत. ते पैसे घालणार म्हणजे प्रश्नही विचारणार, म्हणून या नोंदी त्यांच्याही वाचनासाठी आहेत. दुसरं कारण असं की नवरा, सासरे आणि मी तिघं तीन वेगवेगळ्या जागांवर अडून बसलो आहोत. वाद घालताना ज्याला त्याला सोयीचं तेवढंच आठवतं.

जागा अशा:

क. हरिपूर रस्त्यावरचं रो-हाउस. नदीचा वारा, चिंचेची झाडं, पाचव्या मिनिटाला घाट. नवऱ्याचा जीव यावर.

ख. शामरावनगरातला बैठा बंगला, दोन गुंठे, मागे नारळ. बाकी दोन्हींपेक्षा बराच स्वस्त. आण्णा (सासरे) याच्या बाजूने. जमीन आपली, जिना चढायला नको.

ग. विश्रामबागेच्या पुढे, कुपवाडच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. इमारत बारा वर्षांची, लिफ्ट आहे. दिसायला अगदीच साधा. हा माझा.

आण्णांचं आठवड्यातून दोनदा मिरजेत डायलिसिस असतं. ते चुकवून चालत नाही. त्यामुळे प्रत्येक जागेला पहिला प्रश्न हाच: पुराच्या आठवड्यात इथून मिरजेला पोचता येईल का?

१६ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. "फुटांचं गणित काय असतं तुमचं? तिथे सगळे फुटांतच बोलतात." त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

कृष्णेवर आयर्विन पूल आहे, १९२९ चा, पटवर्धनांच्या काळातला. नदीची पातळी त्या पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्यावर आधी हा आकडा बघतो आणि मग चहा ठेवतो. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये साडेसत्तावन्न. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास. प्रत्येक गल्लीला आपला आकडा माहीत असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, दत्तनगर इथले लोक चाळिशीच्या आधीच सामान माळ्यावर चढवायला लागतात. गावभागातल्यांना अजून वेळ असतो.

तेव्हा इथे घर बघताना "पाणी येतं का" असं विचारून काही हाती लागत नाही. "किती फुटाला येतं" असं विचारायचं. तिन्ही घरांचा आकडा काढणं हे पहिलं काम.

२२ फेब्रुवारी

एजंटाबरोबर तिन्ही जागा पुन्हा. ख च्या दारात उभं राहून तो म्हणाला, "मॅडम, तसला पूर शंभर वर्षांतनं एकदा येतो. येऊन गेला की आता." हे वाक्य सांगलीत २०१९ नंतर सगळ्यांनी ऐकलं आणि दोन वर्षांनी पाणी परत आलं.

रात्री पूररेषांचं वाचून काढलं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधता येतं, पण राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर हवी. जुनी घरं अर्थात या नियमाच्या आधीची.

"शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. काल पूर आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. आमचं कर्ज २० वर्षांचं आहे. लाल रेषेवरच्या घरात त्या २० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के निघते. निळ्या रेषेवरच्या घराची ५६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट. हे नवऱ्याला दाखवलं. तो हिशोब बघून म्हणाला, "आणि १६ वर्षांत तीन पूर आले ते कुठल्या रेषेत बसवायचे?" प्रश्न रास्त आहे. रेषा जुन्या नोंदींवरून आखलेल्या असतात, नदी काही त्या वाचत नाही.

१ मार्च

पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा बघायला मिळाला. क निळ्या आणि लाल रेषेच्या मधे. ख सुद्धा मधे, लाल रेषेच्या बऱ्यापैकी जवळ. ग दोन्हींच्या बाहेर, लांब.

नकाशावरची रेषा पेन्सिलीच्या जाडीची असते आणि तेवढ्या जाडीत आमचा अख्खा प्लॉट बसतो. जागेवर खुणा शोधल्याशिवाय भागणार नाही.

८ मार्च

खुणा शोधण्याचा दिवस. एजंटाला सोबत घेतलं नाही.

हरिपूर रस्त्याला फार शोधावं लागलं नाही. शेजारच्या घराच्या जिन्यात २०१९ ची रेघ त्यांनी ऑइलपेंटने ओढून ठेवली आहे आणि खाली तारीख घातली आहे. रो-हाउसची फरशी त्या रेघेच्या साडेसात फूट खाली. म्हणजे ५० फुटांना पाणी घरात. ४५ ला धोक्याची पातळी आणि पुढच्या पाच फुटांत घर बुडणार. शेजारच्या काकांनी आग्रहाने चहा पाजला, घर कौतुकाने दाखवलं, आणि निघताना म्हणाले, "आम्ही जन्मापास्नं हितं हाय, आमाला सवय हाय. तुमी पैसे घालून सवय कशाला लावून घेताय?"

घाटावर पाच मिनिटं बसलो. पलीकडून वारणा येऊन मिळते, संगमाचं देऊळ दिसतं. पाणी इतकं शांत की मगरींचीही आठवण येऊ नये. नवरा काही बोलला नाही. क यादीतून गेलं असं मी इथे लिहिते आहे, त्याने अजून म्हटलेलं नाही.

शामरावनगरात खुणा पुसलेल्या. बंगल्याला नवा रंग आहे, आतून बाहेरून. रंग नवा असला की मी आता कपाटामागे आणि जिन्याखाली बघते. तिथे सहसा कोणी ब्रश घालत नाही. मीटरच्या पेटीमागे गाळाची फिकट रेघ सापडली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या मावशींना विचारलं.

"मावशी, एकोणीसला पाणी कुठवर होतं ओ?"

"ह्या फळीवर." त्यांनी बिस्किटांच्या बरण्यांच्या फळीवर हात ठेवला. "आणि एकवीसला ह्या." तांदळाच्या पिंपाच्या निम्म्यावर बोट.

"आणि दरसाल?"

त्या हसल्या. "दरसालचं नदीचं नव्हं बाई. त्ये येगळंच."

नेमकं तेव्हा गिऱ्हाईक आलं आणि विषय तिथेच राहिला. परत जाऊन विचारायचं.

मालकांचं म्हणणं होतं की घरात पाणी फक्त २०१९ ला आलं.

१५ मार्च

ओळखीच्या सर्व्हेयरला ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन ख वर नेलं. फी एका जेवणाच्या खर्चाएवढी, आणि या अख्ख्या प्रकरणात इतक्या स्वस्तात इतकी पक्की माहिती दुसरीकडून मिळाली नाही. यंत्र नसेल तर गवंड्याची पाण्याची नळीही चालते, अंतर कमी असेल तेव्हा.

खुणा तिथल्याच गल्लीतल्या घ्यायच्या, असं त्याने बजावलं. पुराचं पाणी शहरभर सपाट नसतं. पुलापाशी एक पातळी, खाली संगमाच्या बाजूला दुसरी. त्यामुळे आयर्विनच्या आकड्यावरून समुद्रसपाटीची उंची काढून घराशी जुळवत बसण्यापेक्षा, पुलावर साडेसत्तावन्न असताना *या* गल्लीत पाणी कुठे होतं तेच धरायचं.

मोजमाप: २०१९ ची खूण (मीटरच्या पेटीमागची आणि मावशींची फळी, दोन्ही तीन-चार सेंटिमीटरच्या फरकाने जुळल्या) घराच्या फरशीच्या वर १.०९ मीटर. २०२१ ची खूण फरशीच्या वर ०.३५ मीटर. दोन्हींतला फरक पाऊण मीटरच्या आत, पुलावरच्या दोन आकड्यांतला अडीच फुटांचा फरकही तेवढाच. म्हणजे खुणांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

१.०९ मीटर म्हणजे ३.६ फूट. साडेसत्तावन्नातून वजा केले की ५४ च्या जरासं खाली. शामरावनगरच्या या बंगल्याचा आकडा: ५४ फूट. २०१९ ला आलं, २०२१ ला आलं, २००५ ला उंबऱ्याला टेकलं असणार. समोरचा रस्ता फरशीपेक्षा दोन फूट खाली, म्हणजे ५२ ला रस्ता बंद. मिरजेचा प्रश्न तिथेच.

मालकांना आकडे सांगितले नाहीत. किमतीच्या बोलण्यात उपयोगी पडतील.

२२ मार्च

कागद. ख गुंठेवारीतला आहे, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकून झालेल्या वस्तीतला. २००१ च्या कायद्याखाली नियमित केल्याचं प्रमाणपत्र मालकांकडे आहे, मंजूर रेखांकन जुळतं. सांगलीत गुंठेवारी म्हणजे निम्मं गाव, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण शेतजमिनीचे तुकडे पाडून वस्ती झाली तेव्हा गटारं, ओढ्यांच्या वाटा, रस्त्यांचे उतार यांचा विचार कोणी केला नव्हता. तो हिशोब आता पावसाळ्यात चुकता होतो. महाभूनकाशावर जुना गाव नकाशा उघडला तर बंगल्याच्या मागच्या बाजूने एक बारीक नाला दाखवलेला आहे. आज तिथे चार घरं आणि एक गॅरेज.

ग चे कागद सरळ. भोगवटा प्रमाणपत्र आहे, इंडेक्स टू (खरेदी नोंदणीचा उतारा) नीट, सोसायटी नोंदलेली. शेजारचा मोकळा प्लॉट विकास आराखड्यात रहिवासी पट्ट्यात, त्यामुळे कधी ना कधी तिथे इमारत होणार आणि पूर्वेची खिडकी अंधारणार. हे धरूनच चालायचं.

३० मार्च, गुढीपाडवा

एजंटाचा सकाळी फोन. ख ला "दुसरी पार्टी" आली आहे, आज मुहूर्त आहे, अकरा हजार तरी ठेवा. आण्णांची घालमेल झाली. त्यांना आज टोकन द्यायचं होतं. आम्ही श्रीखंड खाऊन बसून राहिलो. दुसरी पार्टी अक्षय्य तृतीयेलाही येणार असं मी म्हटलं.

५ एप्रिल

ख च्या भिंती. पुढच्या खोलीत दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा, वरच्या बाजूला रुंद. मालक म्हणतात प्लॅस्टरच्या आहेत. एका इंजिनिअर मित्राला नेऊन दाखवल्या. भेगेत त्याची किल्ली आत गेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भेग एकाच जागी आहे, म्हणजे वीटकामच फाटलं आहे.

कारण काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. इथे मुरूम किती खाली आहे ते शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात दिसलं. आठ-नऊ फूट काळी माती, मग पिवळट, मग मुरूम. या बंगल्याचा पाया मालकांच्या सांगण्यानुसार साडेचार फूट. घर पडणार नाही, पण दर दोन वर्षांनी भेगा बुजवाव्या लागतील, आणि भिंतीभोवती पाणी साचू नये म्हणून फरसबंदी करावी लागेल. ओलावा कमी-जास्त झाला की भेगा परत येणार.

आण्णा म्हणाले, "जुन्या घराला पण भेगा हुत्या की." होत्या. पण तेव्हा आपण भाड्याने राहत होतो.

१२ एप्रिल

ग ची पाळी. आवडत्या जागेची तपासणी आपण सैल हाताने करतो, म्हणून आज नवऱ्याला आणि आण्णांना पुढे केलं. दोघांनी मनापासून दोष शोधले.

पूर: इमारतीतल्या कोणाच्याही आठवणीत नाही. २०१९ ला शहरातले लोक गाड्या लावायला इकडे आले होते. मिरजेचा रस्ता तेव्हाही चालू होता, असं तळमजल्यावरच्या आजींनी सांगितलं. पण नळाला पाणी नव्हतं, दुधाची ओढाताण होती, पेट्रोलला रांगा. कोरड्या घरातही पुराचा आठवडा सुखाचा नसतो.

वास: दुपारी काही नाही. वॉचमन म्हणाला, "थंडीत पहाटे या साहेब." औद्योगिक वसाहत इमारतीच्या पूर्वेकडे पडते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, थंडीत पूर्वेकडून. एप्रिलमध्ये दहादा येऊन नाक वर केलं तरी काही कळणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत अधूनमधून पहाटे रबर जळल्यासारखा वास येतो, रोज नाही, सूर्य वर आला की जातो. आण्णांच्या खोलीची खिडकी नेमकी पूर्वेला. नोंद.

आवाज: रहिवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री अकराला मोबाइलच्या ॲपवर ५० ते ५४, ट्रक गेला की ७० च्या वर. ॲपचा आकडा अंदाजच धरायचा, पण मुख्य रस्त्याकडची खोली झोपायची नाही इतकं ठरलं.

१९ एप्रिल

ग च्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत नेलं. मी मिरजेत लॅबमध्येच काम करते, तपासणी आमच्याकडच्या पाण्याच्या विभागात रीतसर पैसे भरून केली.

विरघळलेले क्षार १,३८० मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याला ५०० पर्यंत बरं, दुसरं पाणी नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं असं मानक सांगतं. काठिण्य ६१०, तिथे शेवटची मर्यादा ६००. हे दोन्ही अपेक्षितच होतं. नळ आणि गीझर पांढरे होतील, बाकी काही नाही.

नायट्रेट ५८ आलं. मर्यादा ४५ आणि त्यात सवलत नाही. इथे थांबले. नायट्रेट शेतीच्या खतातून येतं किंवा मैल्यातून. या भागात भुयारी गटार नाही, प्रत्येक इमारतीला सेप्टिक टँक. इमारतीचा टँक बोअरपासून किती लांब ते पावलांनी मोजलं, फार लांब नाही. दुसरा नमुना घेतला. त्यात जीवाणूंची तपासणीही टाकली. कोलिफॉर्म निघाले, म्हणजे मैला मिसळत असल्याची खूण मानले जाणारे जीवाणू.

पिण्याला सोसायटीत महापालिकेचं पाणी आहे, बोअर फक्त वापरायला. पण उन्हाळ्यात नळाला पाणी कमी आलं की दोन्ही पाणी एकाच वरच्या टाकीत सोडतात, असं वॉचमनने सहज सांगितलं. आण्णांचं पाणी मोजूनमापून असतं, त्यात हे परवडणारं नाही.

नवऱ्याला आनंद लपवता आला नाही. "तुझ्या फ्लॅटलाही आकडा आहे म्हणायचा." आहेच. फरक एवढा की हा आकडा टाकी वेगळी करून आणि सेप्टिक टँक दुरुस्त करून खाली आणता येतो. ५४ फूट आम्हाला खाली आणता येत नाहीत.

शेरी नाल्याचा विषयही निघाला. वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी कृष्णेत सोडणारा हा नाला सांगलीकरांना मुखपाठ आहे. पण नळाचं पाणी तिन्ही घरांना एकाच नदीचं. जो धोका सगळ्यांना सारखा, तो निवड करताना बाजूला ठेवायचा आणि घरात चांगला फिल्टर बसवायचा.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

दुसरी पार्टी आली. किंमतही थोडी उतरली.

१० मे

भाऊजी आले होते. जेवताना अलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावर, गाडी गेली, सांगलीत ती जातेच. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला नाही असा निष्कर्ष काढला. आमच्या गल्लीतल्या निम्म्यांना तो मान्य नाही. कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि त्यावर दोन्ही राज्यांत भांडण चालू आहे. आण्णा एका बाजूला, भाऊजी दुसऱ्या. आमरस संपला तरी वाद संपला नाही.

माझ्यापुरतं: खरं-खोटं अभियंत्यांनी ठरवावं. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, चांदोलीत ३४ टीएमसी, वर मुक्त पाणलोटातला, म्हणजे कुठल्याच धरणात न अडणारा पाऊस, खाली अलमट्टी. एवढ्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात नीट वागावं यावर वीस वर्षांचं कर्ज काढायचं का, एवढाच आमचा प्रश्न. पाणी येईल तेव्हा आधी एक-दोन दिवस कळतं हे मात्र खरं. सामान वर नेता येतं, आण्णांना हलवता येतं. ख ची बाजू घ्यायची तर याच मुद्द्यावर घेता येते. आज रात्री घरात तीच बाजू वरचढ होती. एक मजला वर चढवायचा, खाली फक्त गाडी, असा नकाशासुद्धा नवऱ्याने वहीत काढला.

२१ मे

मे महिन्यात असा पाऊस आठवत नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी कोसळतोय, वळवासारखा येऊन जात नाही, मुक्काम करतो.

संध्याकाळी सातला गाडी काढून ख वर गेलो. गाडी कोपऱ्यावरच ठेवावी लागली. रस्त्यावर गुडघाभर पाणी, गटाराचं आणि पावसाचं एकत्र. बंगल्याच्या फाटकातून आत गेलेलं, ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत. मागच्या गॅरेजजवळ, गाव नकाशातला नाला जिथे दाखवला आहे बरोब्बर तिथून, पाणी जोरात येत होतं. संडासाच्या चेंबरचं झाकण वर उचललेलं.

किराणा दुकानातल्या मावशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "म्हनलं न्हवतं, दरसालचं येगळं."

"किती दिवस राहतं?"

"पंप लावला तर दोन दिस. न्हाई लावला तर काळी माती हाय बाई, ती पितीया थोडं थोडं."

परत येताना मुद्दाम आयर्विनवर थांबलो. नदी खाली पात्रातच, वाळूचे पट्टे उघडे. पुलावरचा आकडा बघून शहरात कोणीही म्हटलं असतं की पुराचा मागमूस नाही.

नवऱ्याने घरी येऊन वहीतला नकाशा फाडला नाही, पण मिटला. मजला वर चढवला तरी रस्ता तोच राहणार आणि चेंबरही. नदीचं पाणी १६ वर्षांत तीनदा आलं आणि प्रत्येक वेळी पेपरात आलं. हे पाणी दर वर्षी येतं आणि मीटरच्या पेटीमागे रेघसुद्धा सोडत नाही. आण्णांना आठवड्यातून दोनदा यातून न्यायचं. एजंट, मालक, पूररेषेचा नकाशा, कोणाच्याच बोलण्यात हे नव्हतं.

२२ मे

सकाळी त्याच पावसानंतर ग वर. पार्किंगमध्ये कोपऱ्यात पाणी, घोट्याच्या खाली, उताराने निघून जात होतं. लिफ्टचा खड्डा कोरडा. मात्र विजेचं मुख्य पॅनल आणि पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर पार्किंगच्या जमिनीपासून फूटभरच वर. पुढचा पाऊस याच्या दुप्पट झाला तर सगळी इमारत अंधारात. हे वर घेता येतं, खर्च फार नाही, पण सोसायटीने मनावर घ्यायला हवं.

२५ मे

बैठक. आण्णा, नवरा, मी, फोनवर भाऊजी आणि वहिनी. क नवऱ्याने स्वतः सोडलं, "पेन्शनीत बघू" म्हणाला. ख वर आण्णांनी बराच वेळ घेतला. त्यांना जमीन हवी होती, फ्लॅटला ते कबुतरखाना म्हणतात. शेवटी म्हणाले, "त्या पाण्यातनं मला उचलून न्यायला चार माणसं लागतील, आणि पावसाळ्यात चार माणसं मिळत न्हाईत." ग ठरला. पूर्वेची खोली आमची, पश्चिमेची आण्णांची.

७ जून

फ्लॅटच्या मालकांशी बोलणी. आमच्याकडचे आकडे मेजावर ठेवले: नायट्रेट, कोलिफॉर्म, पॅनल. किमतीत थोडं उतरले. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे साठेखतात दोन अटी घालून घेतल्या. सोसायटीने बोअर आणि नळाच्या टाक्या वेगळ्या करण्याचा ठराव करून त्याची प्रत खरेदीखताआधी द्यायची. सेप्टिक टँक उपसून, तपासून, गळती असल्यास दुरुस्त करायची आणि त्यानंतर पाण्याचा नवा नमुना आम्ही घ्यायचा. नायट्रेट लगेच उतरणार नाही, जमिनीतलं पाणी बदलायला पावसाळा-दोन पावसाळे जातात. कोलिफॉर्म मात्र जायला हवेत. नाही गेले तर टोकन परत.

मालकांचे वकील म्हणाले की घराच्या व्यवहारात जीवाणूंची अट त्यांनी पहिल्यांदाच लिहिली.

१५ जून

विमा. भारत गृह रक्षा ही २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी ठरावीक पॉलिसी, त्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण. इमारतीची रक्कम घातलेल्या किमतीवर धरायची नाही, तेवढं बांधकाम पुन्हा करायला काय लागेल त्यावर धरायची. एजंटाने खरेदीची किंमत टाकून आणली होती, ती खोडून नवीन मागवली.

टाक्यांचा ठराव झाला, प्रत मिळाली. सेप्टिक टँकची गाडी मंगळवारी येणार आहे. पॅनल वर घेण्याचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत ठेवतो असं चेअरमन म्हणाले. सभा पावसाळ्यानंतर आहे. त्यांना सांगितलं, स्टार्टर तरी आता वर घ्या, वायरमन आणि सामान आमचं.